भाऊंची इटलीची रजा

"ते राहू द्या. आधी सांगा, पाणी कुठे जाणार?"

कुठलीही नवी जागा दिसली की भाऊ डावा डोळा मिटायचे, उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर आडवा धरायचे आणि हा प्रश्न विचारायचे. जागा रस्त्याची असो, मॉलच्या पार्किंगची असो, नाहीतर कुणाच्या नव्या फ्लॅटची. आमच्या एका सहकाऱ्याने दोह्याच्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या भाड्याच्या घरात सत्यनारायण घातला होता. तीर्थप्रसाद घेऊन भाऊ बाल्कनीत गेले, अंगठा धरला आणि यजमानांना बोलावून म्हणाले, "तुमचा उतार घराकडे आहे ओ. पाऊस आला तर पाणी थेट देवाजवळ येणार." यजमान हसले. कतारमध्ये पाऊस पडतो कुठे! त्याच नोव्हेंबरात एक दिवस पडला, आणि पूजेच्या जागी घोटाभर पाणी साठलं.

भाऊ सर्व्हेयर होते. रस्त्याच्या कडेला तिपाईवरच्या यंत्राला डोळा लावून उभा असलेला माणूस तुम्हीही पाहिला असेल. पाहिला असेल आणि सिग्नल सुटताच विसरलाही असाल. मीही विसरलो असतो. पण ते माझ्याच कंपनीत होते, मराठी बोलत होते आणि माझ्या वाटेवर राहत होते.

फुटबॉलचा वर्ल्ड कप यायला तीन वर्षं होती आणि सगळं दोहा उकरून ठेवलं होतं. सकाळी ज्या रस्त्याने गेलो तो संध्याकाळी परतताना तिथे असेल, याची खात्री नसायची. मी नाशिकचा, तिशीतला, प्लॅनिंग इंजिनिअर. अविवाहित आणि दोन वर्षांच्या करारावर आलेला; करार पुढे वाढत गेला. भाऊ पन्नाशी ओलांडलेले, राजापूरकडच्या एका खेड्यातले. कतारमध्ये त्यांना बावीस वर्षं झाली होती. नजमा नावाच्या वस्तीत एका खोलीत चौघांत एक खाट त्यांची. पहाटे पाचला मी गाडी घेऊन त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी जायचो, तेव्हा ते कॅफेटेरियाबाहेर दोन हातांत कडक चहाचे दोन कागदी पेले घेऊन उभे असायचे. "यल्ला, घ्या," म्हणत एक मला द्यायचे. बावीस वर्षांत त्यांनी अरबी शब्द चारच उचलले होते, पण चारही अस्सल कोकणी हेलात.

इटली मुळात त्यांच्यासाठी नव्हतीच. माझा कॉलेजातला मित्र पुण्याहून येणार होता, आम्ही दोघं रोम, सिएना, फ्लोरेन्स असं फिरणार होतो. त्याचं अचानक लग्न ठरलं आणि त्याने इटली बायकोसाठी राखून ठेवली. हॉटेलं दोघांची घेतलेली. एका सकाळी गाडीत मी वैतागून म्हटलं, "भाऊ, तुम्हीच चला आता."

दोन दिवसांनी साइटवर उतरताना भाऊ म्हणाले, "ते इटलीचं खरं बोललात की उगीच?"

"खरं. पण तुम्ही घरी जाणार होतात ना या रजेत?"

"बारा दिवस मिळाल्येत," ते म्हणाले आणि तिपाई खांद्यावर टाकून चालू लागले. माझ्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

रोममध्ये मी त्यांना पँथियन दाखवायला नेलं. ते दोन हजार वर्षांपूर्वीचं देऊळ, वर प्रचंड घुमट आणि घुमटाच्या मध्यभागी उघडं भोक. त्यातून ऊन आत पडतं आणि पाऊसही. आत शिरलेला प्रत्येक माणूस मान वर करून तोंड उघडं ठेवून उभा होता. भाऊंनी एकदाच वर पाहिलं, आणि मग खाली. मी फोटो काढून वळतो तर हे गुडघ्यांवर बसलेले, फरशीवर तळहात फिरवताहेत. पहारेकरी लगबगीने आला. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला चक्कर आली.

"सापडली!" भाऊ ओरडले. फरशीत बारीक भोकं होती, पाणी जिरायला. "आणि मधे हलका फुगवटा दिलाय, बघा. मला शाळेत देवळाचे कळस बघायला शिकवलं ओ. पण खरा शहाणा माणूस हा खालचा."

पहारेकऱ्याला मी इंग्रजीत समजावलं, की हे सर्व्हेयर आहेत. त्याने भाऊंकडे पाहिलं, मग हात पुढे करून त्यांना उठवलं आणि स्वतः आणखी दोन भोकं दाखवली.

पिसाला आम्ही धावती भेट दिली. सगळे कलत्या मनोऱ्याला हाताने आधार दिल्याचे फोटो काढत होते. मी म्हटलं, भाऊ, उभे राहा. ते म्हणाले, "नको. दुसऱ्याच्या चुकीबरोबर फोटो काढू नये." थोडं पुढे जाऊन थांबले आणि म्हणाले, "पण चूक पायावाल्याची आहे हां. सर्व्हेयरची नाय."

असा हा माणूस. बावीस वर्षांत ज्याने कधी सहल केली नव्हती, तो आता रोज सकाळी माझ्याआधी बूट घालून दारात उभा. भाषेची अडचण त्यांना कधी आलीच नाही. फळवालीशी ते मराठीत बोलायचे, ती इटालियनमध्ये, हे पेरू मागायचे, ती नासपती द्यायची, आणि दोघंही समाधानाने वेगळी व्हायची.

पण तिसऱ्या दिवशी रोममध्येच एक गोष्ट झाली होती, ती सांगायची राहिली. दुपारी एका गल्लीतल्या खाणावळीत वाढणारी बाई दुसऱ्या टेबलाकडे नेत असलेली ताटली पाहून भाऊ अर्धे उठले. "अहो, तिसऱ्या!" शेवयांसारखा पास्ता आणि त्यात शिंपल्यांसकट तिसऱ्या. आम्हीही मागवल्या. भाऊंनी पहिली शिंपली उचलली, चोखली आणि डोळे मिटले. "खोबरं नाय, तिरफळ नाय, नुसती लसूण. तरी चव तीच ओ. घरी हिला सांगायला पाहिजे."

"करा ना फोन. माझ्या फोनवरून इंटरनेट देतो."

त्यांनी हातातली शिंपली ताटलीच्या कडेला ठेवली. मग एकेक करून सगळ्या रिकाम्या शिंपल्या एका रांगेत लावल्या.

"घरी माहीत नाय," ते म्हणाले.

"काय माहीत नाही?"

"मी इथे आहे ते. रजा मिळाली नाय म्हणून सांगितलंय."

त्यांनी तिसऱ्या संपवल्या, पण पुन्हा चवीबद्दल बोलले नाहीत.

सिएनाचा मुख्य चौक तुम्ही चित्रात पाहिला असेल. विटांचा, शिंपल्यासारखा पसरलेला, आणि सगळा एका बाजूला उतरता. भाऊ कडेला पोचले आणि अंगठा वर करायचेच विसरले. चौकातल्या सगळ्या रेषा जिथे एकत्र येतात, त्या खालच्या टोकाशी पाणी जायचं तोंड आहे. ते सरळ तिथे चालत गेले, बूट काढून बाजूला ठेवले आणि तापलेल्या विटांवर मांडी घालून बसले. "शेकडो वर्षं झाली म्हणता? आणि अजून थेंब थांबत नसेल इथे." त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू होतं, की मी फोटो काढला. आजूबाजूला माणसं पहुडली होती, पोरं उतारावरून लोळत खाली येत होती. मी शेजारी बसलो. मग त्यांनी आपणहून सांगितलं.

मागच्या वेळी ते गावी गेले, तेव्हा विहिरीवरचा पंप बंद पडला होता. भाऊ पान्हे घेऊन बसले. मुलगी आली, इंजिनिअरिंग शिकणारी, हुशार. म्हणाली, "बाबा, राहू द्या. आम्ही ते सगळं बदललंय, तुम्हाला नाही कळायचं. मी वायरमनला फोन केलाय."

"चांगलं बोलली ओ. वाईट काय नाय बोलली," भाऊ म्हणाले. "पण मग मी बघायला लागलो. साखरेचा डबा कुठे, ते मला विचारायला लागतं. दोघी मायलेकी बोलत असतात, मी गेलो की विषय बदलतात. लपवायचं म्हणून नाय. मला पहिल्यापासून सांगायला लागेल म्हणून. मला जेवायला चांगलं ताट काढतात. ते पाहुण्यांचं आहे, मीच नेलेलं दोह्याहून. आणि मी निघतो ना, त्या दिवशी पायरीवर उभा राहिलो की कळतं. रडतात दोघी, खरंच रडतात. पण घर जरा सैल होतं. कमरेचा पट्टा सोडल्यासारखं."

"असं नसेल, भाऊ."

"नसेलही. पण म्हटलं, या वेळी नको त्यांना त्रास."

एक पोरगी लोळत येऊन त्यांच्या गुडघ्यावर आपटली, उठली, हसली आणि पळाली. भाऊ तिच्याकडे बराच वेळ पाहत राहिले.

घरी ते रोज फोन करायचे, दोह्यातल्या सातच्या ठोक्याला. त्यासाठी मनगटावरचं घड्याळ त्यांनी इटलीच्या वेळेला लावलंच नव्हतं. फ्लोरेन्सला आम्ही नदीकाठच्या भिंतीशी उभे होतो. भाऊंनी नेहमीसारखा फोन लावला, घड्याळ दोन मिनिटं पुढे असावं. माझं इंटरनेट हवं म्हणून मी शेजारीच. पलीकडून वहिनींचा आवाज मलाही ऐकू येत होता. गवत कापायला माणूस मिळाला, चुलत दिरांची तब्येत बरी आहे. आणि इतक्यात दोह्याचे सात, म्हणजे फ्लोरेन्सचे सहा वाजले. आधी एका चर्चची घंटा, मग दुसऱ्या, मग सगळ्या शहराच्या. भाऊंनी फोन छातीशी दाबला, पण घंटांपासून कुठे लपवणार?

"कसल्या घंटा वाजतात हो?"

"टीव्ही," भाऊ म्हणाले. "खोलीत टीव्ही लावलाय पोरांनी."

"केवढ्यानं लावलाय!" मग त्यांनी विचारलं, "जेवलात?"

"जेवलो."

"काय केलंत?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "आमटीभात," ते म्हणाले.

आता माझ्याबद्दल सांगतो, कारण ते सांगितल्याशिवाय हे खरं होणार नाही. परत आल्यावर मी सवयीने फोटो ऑनलाइन टाकले. त्यात सिएनाच्या चौकातला तोही टाकला: अनवाणी, मांडी घातलेले, हसणारे भाऊ. भाऊ स्वतः त्या जगात नव्हते, म्हणून मी विचारच केला नाही. पण त्यांच्या मुलीने वर्षभरापूर्वी माझ्याकडे पुढच्या शिक्षणाची चौकशी केली होती. ओळख भाऊंनीच करून दिली होती. तेव्हापासून ती माझ्या यादीत होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे कॅफेटेरियाबाहेर दोन पेले होतेच. गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "फोटो चांगला आलाय."

"कुठला?"

"पोरीनं पाठवला."

मी गाडी कडेला घेतली. तिथल्या तिथे फोटो काढून टाकायला लागलो, तर त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "आता काढून काय उपयोग? असू दे. हसतोय मी त्यात."

"वहिनी काय म्हणाल्या?"

"काय नाय. आवडलं का, म्हणून विचारलं." खिडकीबाहेर बघत त्यांनी चहा संपवला. "रागावली असती तर बरं झालं असतं ओ."

मुलगी मात्र रागावली. 'आम्हाला भेटायला रजा नव्हती,' एवढं एक वाक्य लिहून तिने बोलणं बंद केलं. भाऊ रोज सातला फोन करायचे, वहिनी बोलायच्या, मागे मुलीचा वावर ऐकू यायचा, पण ती फोनवर यायची नाही. एप्रिलमध्ये जाईन, समोर बसून समजूत काढीन, असं ते म्हणत. त्यांनी रजेचा अर्ज दिला, तो मंजूरही झाला. तोवर जगभर साथ पसरली आणि विमानं बंद पडली.

या वेळी येता येत नाही हे खरं होतं, आणि या वेळीच ते पटवून देणं अवघड झालं. त्यांनी घरी सांगितलं तेव्हा कित्येक महिन्यांनी मुलगी फोनवर आली. म्हणाली, "खरंच ना, बाबा?"

भाऊंनी फोन खिडकीबाहेर धरला आणि तिला नजम्याची गल्ली दाखवली. बंद दुकानं, कुलूप लावलेला कॅफेटेरिया, आणि जिथे पाय ठेवायला जागा नसायची तिथे एकही माणूस नाही. बराच वेळ धरून ठेवला म्हणे. हात दुखेपर्यंत.

ती काय म्हणाली ते मला माहीत नाही. पण त्यानंतर आठवड्याने मला भाऊंचा फोन आला. "ते भोकवालं देऊळ. नाव काय ओ त्याचं?"

"पँथियन. का हो?"

"पोरगी विचारते. इटलीत काय काय बघितलंत ते सगळं सांगा म्हणते. पहिल्यापासून."

त्या दिवसांत मी माझ्या फ्लॅटमध्ये एकटाच कोंडलेला होतो. रोज संध्याकाळी भाऊंचा फोन यायचा: नदीचं नाव काय, तो चौक किती पावलं होता, तिसऱ्या दिल्या त्या बाईच्या कानात काय होतं. मला आठवेल ते मी सांगायचो. जे आठवायचं नाही ते तेच मला सांगायचे. बारा दिवसांची सहल त्यांनी मुलीला दोन महिने पुरवली. घंटा वाजल्या तो दिवस आला, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "तेही सांगू का?"

"सांगा," मी म्हटलं.

सांगितलं. मुलगी खूप हसली, मग फोन आईकडे दिला. वहिनी म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. इतक्या वर्षांत तुमच्या खोलीत कधी टीव्ही वाजला नव्हता."

डिसेंबरात मुलीचं लग्न ठरलं. मोजक्या माणसांत, दारासमोरच्या अंगणात. विमानं थोडी सुरू झाली होती, पण गेलेल्याला परत यायला मिळेलच असं कंपनी सांगत नव्हती. भाऊ म्हणाले, मी जातो, नोकरी गेली तर गेली. मुलीनेच अडवलं. "बाबा, रस्ता पूर्ण करून या. मग कायमचे या."

मुहूर्त शुक्रवारचा, दोह्यात सकाळचे सव्वानऊ. मी नजम्याला गेलो तेव्हा भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून खाटेच्या कडेवर बसले होते. खोलीतल्या तिघांनी, दोन मल्याळी आणि एक नेपाळी, आंघोळी करून स्वच्छ कपडे घातले होते. एका वाटीत हळदकुंकू लावलेले तांदूळ. फोन औषधांच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पलीकडे कुणीतरी फोन धरून फिरत होतं, त्यामुळे कधी नवरामुलगा दिसायचा, कधी मांडवाचं छत, कधी कुणाचा खांदा. मंगलाष्टकं तुटत तुटत येत होती. ऐन वेळी चित्र थिजलं: अंतरपाट, त्याच्यावर मुलीच्या मुंडावळ्यांचं टोक, बस्स.

"आता टाकायच्या का?" एका मल्याळ्याने हिंदीत विचारलं.

भाऊंना ठरवता येईना. मूठ वर धरून ते थांबले. तिकडे वाजंत्री वाजल्याचं उशिरा ऐकू आलं. आम्ही पाचही जणांनी एकदम अक्षता टाकल्या. त्या फोनवर पडल्या, खाटांवर पडल्या, एसीच्या वाऱ्याने दारापर्यंत गेल्या. चित्र सुरू झालं तेव्हा तिकडे हार घालून झाले होते. मुलीने फोन हातात घेतला.

भाऊ एवढंच म्हणाले, "पडल्या का गो?"

"पडल्या, बाबा," ती म्हणाली.

रस्ता पूर्ण झाला वर्ल्ड कपच्या वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडावर. रस्ता झाला की सर्व्हेयर नको असतो. आमच्या कंपनीतल्या सगळ्या सर्व्हेयरांना एकाच आठवड्यात पत्रं मिळाली. भाऊ म्हणाले, "खलास," आणि खरोखरच बरं वाटल्यासारखे हसले. विमानतळावर मी सोडायला गेलो. पंचवीस वर्षांचं सामान दोन बॅगांत मावलं होतं. आत जाण्याआधी त्यांनी माझा हात धरला आणि सोडायचं विसरून गेले. मग म्हणाले, "जेवणाचं बघा. एकटा माणूस जेवणाचं टाळतो." एवढं बोलून ते गेले. मागे वळून पाहणाऱ्यांतले ते नव्हते.

त्यानंतर गल्लीच्या तोंडाशी थांबायचं मला कारण उरलं नाही. मी दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो.

ऑक्टोबरात शहरभर झेंडे लागले. इमारतींवर खेळाडूंची पाच पाच मजली चित्रं चढली, जगभरातून माणसं यायला लागली. त्या गडबडीत एका शुक्रवारी सकाळी मी पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्या भाऊंना फोन लावला. वहिनींनी उचलला. मी नाव सांगितलं.

"हो हो, ते बाहेर पडवीत आहेत," त्या म्हणाल्या. "बरे आहेत. बागेत जातात, पंपाचंही आता तेच बघतात. पण एक सांगू का भाऊजी? ताट वाढून ठेवलं तरी आपणहून उठत नाहीत. भूक लागली म्हणत नाहीत. नुसते बसून राहतात. तिकडे कोण हाक मारणार होतं त्यांना, नाही का?"

"मग?"

"मग काय, मी मारते. पहिल्या हाकेला त्यांना आपल्याला बोलावतायत असं वाटतच नाही. दुसरी मारावी लागते. थांबा हं, आता जेवायचीच वेळ झाली."

त्यांनी फोन कशावर तरी उताणा ठेवला असावा. भांड्याचा आवाज आला, पावलं लांब गेली.

"अहो, जेवायला चला!"

कोंबडी ओरडली, कुठेतरी नळ वाहत होता. मी गाडीतला एसी बंद केला आणि फोन कानाशी घट्ट धरला.

"अहो!" वहिनींनी पुन्हा हाक मारली. "तुम्हालाच बोलावतेय."